न्यायासन आणि घर : न्यायमूर्ती रानडे

दिनांक १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर शहरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच काम करू लागले. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांस अपिलासाठी मुंबईची वाट धरावी लागे, ती वाट आता आखूड झाली. अशा प्रसंगी इमारतीची, न्यायाधीशांच्या संख्येची आणि तुंबलेल्या कज्ज्यांची चर्चा पुष्कळ होते, आणि ती व्हावयासही हवी. परंतु त्या आसनावर बसणारा मनुष्य कसा असावा, हा प्रश्न त्या गर्दीत मागे राहतो. या प्रश्नाचा विचार करण्यास करवीरकरांस फार दूर जावयास नको. सुमारे एकशेसाठ वर्षांपूर्वी याच नगरीत एक पंचविशीतला तरुण न्यायाधीश म्हणून बसला होता. त्याचे बाळपण याच गावात गेले होते, त्याचे वडील याच संस्थानच्या नोकरीत होते, आणि त्याच्यापुढे येणारे पक्षकार त्याच्या ओळखीदेखीचे होते. त्या तरुणाचे नाव महादेव गोविंद रानडे. पुढे सारा महाराष्ट्र त्यांस न्यायमूर्ती या एका शब्दाने ओळखू लागला.

माधवरावांचा जन्म दिनांक १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव हे पुढे कोल्हापूर संस्थानच्या सेवेत आले आणि कुटुंब येथे स्थायिक झाले. मुलगा अबोल होता. बोलण्यात मंद, चालण्यात मंद. हा पुढे नाव काढील असे कोणास वाटत नसे. आई गोपिकाबाई मुलाच्या लहानपणीच वारल्या. विनायक जनार्दन कीर्तने हे त्यांचे या काळचे सोबती. पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांवर नाटक लिहून त्यांनी मराठी वाङ्मयात नाव मिळविले. प्रथम मराठी शाळा, मग येथील इंग्रजी शाळा, आणि सन १८५६ च्या सुमारास पुढील विद्येसाठी मुंबई, असा त्या वेळच्या होतकरू मुलाचा मार्ग माधवरावांनी धरला.

त्यांच्या बाळपणाची एक गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. खेळावयास कोणी सोबती नव्हता, म्हणून मुलाने घरातील खांबालाच गडी मानले. एका हाताने स्वतःचे दान टाकावे, दुसऱ्या हाताने खांबाचे. खेळता खेळता खांबाचा डाव आला आणि मुलगा हरला. पाहणाऱ्यांनी त्याची थट्टा केली. पण खांबाचे दान आपल्या बाजूस वळवून घ्यावे हे त्याच्या मनासही शिवले नव्हते. थोरांच्या बाळपणाच्या गोष्टी पुष्कळदा मागाहून सजविलेल्या असतात. तथापि ही गोष्ट लोकांनी रानड्यांविषयीच सांगितली, दुसऱ्या कोणाविषयी सांगितली नाही, यातच लोकांनी त्यांच्या ठायी कोणता गुण पाहिला ते दिसते. ज्याला तोंड नाही, त्याचेही दान चोख टाकणे हा न्यायाधीशाचा पहिला धर्म आहे.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा सन १८५९ मध्ये झाली. तीत एकवीस विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत माधवराव होते. सन १८६२ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, ती अवघ्या चौघांची : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. पुढे सन १८६४ मध्ये एम. ए. आणि सन १८६६ मध्ये एलएल. बी. झाली. अतिवाचनाने डोळे कायमचे अधू झाले, ते याच वर्षांत. कायद्याची पदवी हाती आल्यावर काही काळ भाषांतरकाराचे काम, काही काळ अक्कलकोट संस्थानचा कारभार, आणि नंतर कोल्हापूरचे न्यायाधीशपद, अशी त्यांच्या नोकरीची सुरुवात झाली.

त्या वेळी करवीरच्या गादीवर छत्रपती राजाराम महाराज होते. संस्थानावर इंग्रज अधिकाऱ्याची देखरेख असे. जुनी वतने, दत्तकांचे वाद, भाऊबंदकीचे कज्जे आणि सावकारी येणे यांनी संस्थानी दप्तरे भरलेली असत. वशिला हा शब्द दोषास्पद न वाटता व्यवहाराचा वाटावा, असाच तो काळ होता. न्यायाधीशाच्या घरी जावे, पानसुपारी घ्यावी, आपली कैफियत खासगीत ऐकवावी, यात वाईट काही आहे असे पक्षकारांस वाटत नसे; उलट, न गेल्यास आपली बाजू लंगडी पडेल, अशी भीती वाटे.

अशा वातावरणात रानड्यांच्या चरित्रकारांनी नोंदविलेली एक गोष्ट घडली. एका नात्यातल्या गृहस्थाचा दावा माधवरावांपुढे चालू होता. त्या गृहस्थाने गोविंदरावांना गाठले आणि मुलाकडे शब्द टाकण्याची गळ घातली. गोविंदराव सज्जन होते. त्यांना अन्याय करवून घ्यावयाचा नव्हता. नात्यातल्या माणसाचे कागद मुलाने घरी नीट पाहावेत, एवढीच त्यांची इच्छा. परंतु माधवरावांनी ती गोष्ट मानली नाही. एका बाजूचे म्हणणे घरी ऐकावयाचे आणि दुसऱ्या बाजूचे कचेरीत, हे त्यांस पटणारे नव्हते. वडिलांविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता. वडिलांसमोर मान वर करून ते बोलत नसत. तरीही त्यांनी नम्रपणे पण निश्चयाने नकार दिला. पुन्हा गोविंदरावांनी असा शब्द टाकला नाही.

या गोष्टीचे मोल आजच्या श्रोत्यास सहज उमगेल असे नाही. परक्याची लाच नाकारणे सोपे आहे. तीत मोह असतो, पण माया नसते. वडिलांची विनंती नाकारणे याहून फार कठीण, कारण तेथे नाकारणारास आपण चांगले कृत्य करीत आहो असे न वाटता आपण कृतघ्न आहो असे वाटते. ज्या समाजात पितृआज्ञा हाच धर्म, त्या समाजात पंचवीस वर्षांच्या मुलाने न्यायासनाचा उंबरठा वडिलांनाही ओलांडू दिला नाही. माधवराव कोल्हापुरात न्यायाधीश म्हणून थोडाच काळ राहिले. सन १८६८ मध्ये ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. परंतु त्यांच्यातील न्यायाधीश खरा घडला तो या गावी, आणि या एका नकाराने.

सन १८७१ च्या अखेरीस माधवराव पुण्यास सबजज्ज म्हणून आले आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा कालखंड सुरू झाला. आदल्याच वर्षी, म्हणजे सन १८७० मध्ये, गणेश वासुदेव जोशी यांनी सार्वजनिक सभा स्थापन केली होती. रानडे सरकारी नोकर. त्यांना उघडपणे सभेचे पुढारीपण घेता येईना. तथापि सभेच्या अर्जांमागील अभ्यास, आकडे आणि युक्तिवाद यांत त्यांचा हात होता हे सर्वांस ठाऊक होते. सन १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेची सुरुवात त्यांच्या प्रेरणेने झाली. सन १८७६ व ७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढे ठेवली. सन १८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक निघाले, त्यातील पुष्कळ लेख त्यांच्या लेखणीतून उतरले. या सर्व लिखाणाची धाटणी निकालपत्राची आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरते मांडावयाचे, त्यातील खरे मान्य करावयाचे, आणि मग आपले म्हणणे पुराव्यासह ठेवावयाचे. कचेरीत दिवसभर जी शिस्त त्यांनी पाळली, तीच सायंकाळी सार्वजनिक कामात आणली.

येथवर सारे ठीक होते. परंतु ज्या वडिलांना माधवरावांनी न्यायासनापाशी थांबविले, त्याच वडिलांशी त्यांची दुसरी गाठ घरात पडावयाची होती.

मुंबईत असताना माधवराव विधवाविवाहाच्या चळवळीत पडले होते. विष्णुशास्त्री पंडित हे त्या चळवळीचे अध्वर्यू. सन १८६६ च्या सुमारास विधवाविवाहोत्तेजक मंडळ निघाले, त्यात रानडे होते. सन १८६९ मध्ये मुंबईस एक पुनर्विवाह प्रत्यक्ष घडून आला. त्यात सामील झालेल्यांवर बहिष्कार पडला, आणि सन १८७० मध्ये पुण्यास शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थाचा मोठा वाद झाला. शास्त्राचा आधार घेऊन विधवांच्या बाजूने बोलणारांमध्ये माधवराव अग्रभागी होते. त्यांच्या स्वतःच्या घरी विधवा बहीण होती, म्हणून हा प्रश्न त्यांच्यापुरता पोथीतला नव्हता.

सन १८७३ च्या ऑक्टोबरात त्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई वारल्या. माधवराव त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. आता हे विधवेशी विवाह करतील, अशी मित्रांस आशा वाटली. आणि गोविंदरावांस नेमकी तीच भीती वाटली. त्यांनी तातडीने मुलगी शोधावयास आरंभ केला. मुलाने विनवणी केली. विवाहच नको, निदान काही काळ तरी थांबावे, असे त्याने सुचविले. वडील ऐकेनात. पितापुत्रांचा संबंध तुटण्यापर्यंत गोष्ट आली. शेवटी माधवरावांनी मान तुकविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यातील अकरा वर्षांच्या यमुनेशी त्यांचा विवाह झाला. हीच मुलगी पुढे रमाबाई रानडे या नावाने प्रसिद्धीस आली.

महाराष्ट्रात या गोष्टीवरून रानड्यांवर जी टीका झाली, ती अद्यापि संपलेली नाही, आणि ती अन्याय्य आहे असेही म्हणवत नाही. ज्याने सभेत विधवांची बाजू मांडली, त्याने स्वतःवर वेळ येताच कुमारिकेशी विवाह केला, आणि तोही आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या मुलीशी, ही वस्तुस्थिती आहे. तिला कोणत्याही भाष्याने झाकता येत नाही. विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसणाऱ्या माणसांजवळ रानड्यांची विद्वत्ता नव्हती, अधिकार नव्हता, पगारही नव्हता. तरी त्यांनी ते केले. मग रानड्यांनी का केले नाही? ज्या मुलाने कोल्हापुरास वडिलांस नाही म्हटले, त्याच मुलास पुण्यास नाही म्हणवले नाही, ते का?

याचे उत्तर शोधताना दोन प्रसंगांतील भेद पाहावा लागतो. कोल्हापुरास वडील आणि मुलगा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा होता : दाव्यातील प्रतिपक्षी. त्याचा हक्क राखणे हे माधवरावांचे काम होते, आणि त्या हक्कापुढे त्यांनी पितृप्रेम बाजूस सारले. पुण्यास हा लढा आपल्या स्वतःच्या सुखाचा आणि नावलौकिकाचा आहे, असे त्यांनी मानले. दुसऱ्याच्या हक्कासाठी ते वज्रासारखे कठीण होत. स्वतःची बाजू मांडताना मात्र मेणासारखे मऊ होत. येथेच त्यांची चूक झाली. कारण त्या प्रसंगीही तिसरा माणूस होताच. ज्या अनाम विधवेस त्यांच्या एका कृतीने मार्ग मोकळा झाला असता, ती त्या दाव्यातील पक्षकार होती; आणि अकरा वर्षांची यमुनाही होती. त्या दोघींस तोंड नव्हते. बाळपणी ज्याने खांबाचे दान चोख टाकले, त्याच्या हातून या वेळी ते दान टाकावयाचे राहिले.

अशा प्रसंगानंतर पुष्कळ माणसे दोनांपैकी एक वाट धरतात. कोणी आपल्या कृतीचे समर्थन करू लागतो आणि हळूहळू जुनी मतेच सोडतो. कोणी लाजेने सार्वजनिक कामातूनच निघून जातो. माधवरावांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी टीका मुकाट्याने ऐकली आणि आपली मते जेथे होती तेथेच ठेवली. विवाह होताच त्यांनी यमुनेस शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस ते आवडत नसे. लहानग्या रमाबाईंस त्यासाठी बोलणी खावी लागली. तरी पाटीवरच्या मुळाक्षरांपासून सुरू झालेला तो अभ्यास मराठीवरून इंग्रजीपर्यंत गेला. सन १८८४ मध्ये पुण्यास मुलींची इंग्रजी शाळा निघाली, ती आज हुजूरपागा या नावाने ओळखली जाते. तिच्या स्थापनेत माधवराव पुढे होते, आणि घरातून सभेस जाणाऱ्या रमाबाईही त्यांच्याबरोबर त्या कामात होत्या.

न्यायाधीश म्हणून या काळात त्यांची सत्त्वपरीक्षा निराळ्या दिशेने चालली होती. सरकारचा नोकर लोकांची बाजू मांडतो, हे सरकारास खुपू लागले. सन १८७८ मध्ये त्यांची नाशिकास बदली झाली. सन १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या. संशयाची सुई रानड्यांकडेही वळली. त्यांस घाईने धुळ्यास पाठविण्यात आले आणि तेथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. माधवरावांनी या गोष्टीचा गाजावाजा केला नाही. ते रोजच्या वेळेस कचेरीत जात, निकाल लिहीत आणि घरी येत. संशय आपोआप विरला. सन १८८१ च्या आरंभी मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याच्या अंमलबजावणीत ते दाखल झाले. त्यांच्या न्यायसेवेतील सर्वांत फलदायी भाग हाच होय.

या कायद्याची पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर अधिक होता. कर्जरोखे आणि खतपत्रे हिसकावून त्यांनी जाळली. याचे कारण उघड होते. समजा, एखाद्या कुणब्याने शंभर रुपये काढले. वर्षअखेर व्याज थकले की सावकार जुना रोखा फाडी आणि मुद्दल व व्याज मिळून नवा रोखा लिहून घेई. असे चारदोन वेळा झाले की शंभराचे तीनशे होत, आणि रोख्यावर तीनशे रुपये रोख पावल्याचे लिहिलेले असे. दिवाणी न्यायाधीशापुढे तो रोखा आला की खाली अंगठा आहे एवढे पाहून हुकूमनामा होई. कुणबी पुष्कळदा हजरच राहत नसे. ज्या कोर्टाने त्याचे रक्षण करावयाचे, तेच कोर्ट सावकाराच्या हातचे हत्यार झाले होते. बियाणे, बैल आणि शेवटी जमीन, सारे कायद्याच्या नावाने जाई.

दंग्यांच्या चौकशीनंतर सन १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्याने न्यायाधीशास एक नवीन कर्तव्य सांगितले : रोख्याच्या मागे जाऊन पाहावे. व्यवहार मुळात केव्हा सुरू झाला, हातात प्रत्यक्ष रुपये किती पडले, परत किती दिले गेले, हे विचारावे. मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा. व्याजावर व्याज चढवू नये. कर्जापायी शेतकऱ्यास कैद करण्याची चाल बंद झाली. गावोगाव खतपत्रांची नोंद करणारे रजिस्ट्रार आणि दावा लागण्यापूर्वी तडजोड घडविणारे पंच नेमले गेले. या सर्व कामावर देखरेख ठेवण्यासाठी खास न्यायाधीश नेमण्यात आला. प्रथम डॉ. पोलन हे खास न्यायाधीश होते आणि रानडे त्यांचे सहायक. पुढे सन १८८७ मध्ये रानडे स्वतः खास न्यायाधीश झाले.

या कामासाठी गावोगाव हिंडावे लागे. तालुक्याच्या ठिकाणी मुक्काम करावा, तेथील सबजज्जांची दप्तरे उघडावीत, निकाल तपासावेत, चुका दाखवाव्यात, असा तो क्रम असे. अधू डोळ्यांच्या माणसास जुनी मोडी खतपत्रे वाचणे म्हणजे शिक्षाच. पुष्कळ कागद त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. परंतु या फिरतीत त्यांना कुणब्याचे अर्थशास्त्र हिशेबाच्या वह्यांतून शिकावयास मिळाले. केवळ सावकारास दोष देऊन भागणार नाही हेही त्यांनी ओळखले. सावकार नाहीसा झाला तर बियाण्यास पैसा कोण देणार? म्हणून सन १८९१ मध्ये त्यांनी शेतीच्या पतपुरवठ्याची व्यवस्था नव्याने कशी उभारावी यावर निबंध लिहिला. देशातील सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा सन १९०४ मध्ये झाला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. निकाल देऊन थांबावयाचे नाही, तर तो कज्जा मुळात का उत्पन्न झाला हेही पाहावयाचे, ही त्यांची न्यायदृष्टी होती.

सन १८९३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली वारले. त्यांच्या जागी मुंबई उच्च न्यायालयावर रानड्यांची नेमणूक झाली. पुणेकरांनी तो आनंद अनेक दिवस साजरा केला. ज्यांनी सुधारणेवरून त्यांची हेटाळणी केली होती, तेही त्यात होते. सुमारे सात वर्षे ते या आसनावर होते. हिंदु कायद्यातील वारसा, दत्तक आणि स्त्रीधन यांच्या प्रश्नांत त्यांच्या संस्कृत ज्ञानाचा आणि लोकव्यवहाराच्या माहितीचा उपयोग झाला.

मग ते मुख्य न्यायाधीश का झाले नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. विद्वत्ता उणी होती, की अनुभव? दोन्ही नव्हे. सन १८६१ च्या उच्च न्यायालयांच्या कायद्यात एक अट होती. न्यायाधीशांपैकी किमान तृतीयांश बॅरिस्टर असावेत, आणि त्या तृतीयांशात मुख्य न्यायाधीशाचा समावेश असावा, अशी ती अट. रानडे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. विलायतेस जाऊन बॅरिस्टर झालेले नव्हते. अर्थात, त्यांनी कितीही चांगले निकाल लिहिले तरी मुख्य न्यायाधीशाचे आसन त्यांच्यासाठी कायद्यानेच बंद होते. त्यांच्याबरोबर न्यायाधीश असलेले बद्रुद्दीन तय्यबजी बॅरिस्टर होते, म्हणून रानड्यांच्या मृत्यूनंतर त्यांस काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीश होता आले. कायम मुख्य न्यायाधीश म्हणून पहिला हिंदी मनुष्य मुंबईच्या त्या आसनावर बसला तो स्वातंत्र्याच्या वर्षी, सन १९४७ मध्ये. ते न्यायमूर्ती महंमद करीम छागला होत.

या अडसराविषयी माधवराव कधी कष्टी झालेले दिसत नाहीत. हाती आलेल्या आसनावरून जे करता येईल ते पुरते करावयाचे, हा त्यांचा स्वभाव. सामाजिक परिषद त्यांनी सन १८८७ पासून वर्षानुवर्षे चालविली. स्वदेशी उद्योगांसाठी सन १८९० मध्ये औद्योगिक परिषद भरविली. मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावर ग्रंथ लिहिला, तो सन १९०० मध्ये बाहेर पडला. गोपाळ कृष्ण गोखले यांसारखा शिष्य तयार केला.

परंतु मऊपणाचा तो जुना दोष त्यांस पुरता सोडून गेला नाही. सन १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण उद्भवले. चहाच्या पेल्यात पाप नाही, हे रानड्यांस पक्के ठाऊक होते. तरी मित्रांच्या घरगुती अडचणी पाहून सन १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्नेह्यांसाठी स्वतःचा कमीपणा पत्करण्यात औदार्य असते हे खरे. पण पुढाऱ्याच्या कमीपणाने त्याच्या मागून येणारांचे बळ खचते, हेही तितकेच खरे. या टीकेलाही त्यांनी मौनाने उत्तर दिले.

दिनांक १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस असताना, मुंबईस माधवरावांचे देहावसान झाले. गेल्या सव्वाशे वर्षांत त्यांच्याविषयी दोन पक्ष राहिले आहेत. एक पक्ष त्यांस निर्दोष ऋषी मानतो. दुसरा त्यांस बोलका सुधारक म्हणून बाजूस सारतो. न्यायाधीशाविषयी निवाडा करताना तरी न्यायाची रीत पाळावी. जमा आणि खर्च वेगवेगळे मांडावेत; एकाने दुसरे पुसून टाकू नये. जमेच्या बाजूस कोल्हापूरचा तो नकार आहे, धुळ्यातील धीर आहे, चार जिल्ह्यांतील कुणब्यांचे तपासलेले हिशेब आहेत, शिकलेल्या मुलींची शाळा आहे. खर्चाच्या बाजूस सन १८७३ चा डिसेंबर आहे. तो आकडा लहान नाही, आणि तो खोडावयाचाही नाही.

यातून न्यायासनावर बसणाऱ्या प्रत्येकाने, आणि न्यायासनापुढे उभे राहणाऱ्यानेही, घेण्यासारखे एक आहे. निःस्पृहता ही एकदा मिळविली आणि जन्मभर पुरली अशी वस्तू नाही. कचेरीत ती पाळणारा घरात ती गमावू शकतो, कारण घरात प्रतिपक्षाचा वकील नसतो. मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न, सुनेच्या हक्काचा प्रश्न, वडिलोपार्जित जमिनीत बहिणीच्या वाट्याचा प्रश्न, हे दावे आजही पुष्कळ घरांत चालतात; आणि त्यांत एका बाजूस बोलणारे पुष्कळ आणि दुसऱ्या बाजूस तोंड नसलेले कोणीतरी असते. कोर्ट कितीही जवळ आले तरी हे दावे तेथवर क्वचितच पोचतात. त्यांचा निकाल घरातल्या कर्त्या माणसाच्या मनात लागतो.

रानड्यांच्या खात्यावरील त्या मोठ्या खर्चाची साक्ष कोणी विरोधकाने लिहून ठेवलेली नाही. ती रमाबाईंनी लिहिली. पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी सेवासदनाचे कार्य उभारले, सन १९०९ मध्ये पुण्यास त्याची स्थापना झाली. आणि सन १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी आपल्या लग्नाची हकिकत, पितापुत्रांतील तो ताण आणि पतीने घेतलेली माघार, काहीही न लपविता सांगितली आहे. पतीवर त्यांची निस्सीम भक्ती होती. तरीही त्यांनी प्रसंग जसा घडला तसा लिहिला. अकराव्या वर्षी जिला त्या दाव्यात तोंड नव्हते, तिला बोलावयास आणि लिहावयास त्याच घरात शिकविले गेले, आणि तिने आपली जबानी स्वतःच्या शब्दांत दिली. माधवरावांच्या हातून जेवढी भरपाई होण्यासारखी होती, तेवढी ही झाली.